जोडीची कुपनं

लग्नानंतर माझी बायको पहिल्यांदा पोट धरून हसली ती एका साबणाच्या कागदावरून, आणि त्या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर कोपऱ्यावरच्या खोलीतली मावशी बसली होती. मी कामावरून येऊन दारात चपला काढत होतो. दोघींना माझी चाहूल लागली नाही. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. काय विनोद झाला होता ते मला अजून माहीत नाही.

गोष्ट साठ-सत्तरच्या दरम्यानची. तारापूरच्या पुढे समुद्राकाठी वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलो आणि एका कंत्राटदाराच्या गोदामात कारकून म्हणून लागलो. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला कौलारू चाळीत एक खोली भाड्याने मिळाली. चार खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक पडवी. वर्षभर खानावळीत जेवलो आणि मग लग्न करून बायकोला घेऊन आलो.

तिला इथलं कोणी ओळखत नव्हतं आणि तीही कोणाला ओळखत नव्हती. इथली बोली तिला अर्धीच कळायची. संध्याकाळी कामाचा ट्रक आम्हाला रस्त्यावर सोडायचा तेव्हा ती पडवीत उभी असायची. तिला बोलायला सबंध दिवसात मीच एक माणूस होतो. ती एकटी पडते याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला ते आवडायचं. इतकं कोणी माझी वाट बघेल असं आधी कधी वाटलं नव्हतं.

मग मावशी आली. म्हणजे ती आधीपासून तिथेच होती, पण माझ्या बायकोच्या आयुष्यात ती कुपनांमुळे आली. मावशी मूळची कुंभवलीची, चाळिशीची. तिचा नवरा आमच्याच कामावर गवंडी होता. ती स्वतः एकट्या राहणाऱ्या फिटर-वेल्डर लोकांचे कपडे धुवायची. लग्नाच्या वयाची एक मुलगी घरात होती. माझी बायको तिला मावशी म्हणू लागली आणि मी आपोआप जावई झालो.

"जावई, आज बायको मला द्या घटकाभर," असं ती पडवीतून ओरडायची. "तुमी बसा चाय पित. तुमी घाटावरची मानसं चायवर जगता."

चहाची थट्टा उगाच नव्हती. आमच्याकडे माझे दोन-चार सोबती रोज येत आणि चहा होत असे. बायको पुडीचा चहा आणायची. त्या वर्षी एका कंपनीने चहाच्या पुडीत आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या कागदात कुपनं घालायला सुरुवात केली होती. नुसतं चहाचं कुपन दिलं तर किराणा मालावर किरकोळ सूट मिळायची. नुसत्या साबणाच्या कुपनाचंही तसंच. पण एक चहाचं आणि एक साबणाचं अशी जोडी केली तर सूट दुपटीहून जास्त. ही कुपनं फक्त पालघरच्या एजंटाच्या दुकानात चालत. आमच्या घरात चहाची कुपनं साठत होती. मावशीच्या घरात पुडीचा चहा येत नव्हता, पण साबण मात्र ढीगभर लागायचा. ही गोष्ट दोघींपैकी आधी कोणाच्या लक्षात आली ते ठाऊक नाही. पण एकदा लक्षात आल्यावर दोघी थांबल्या नाहीत.

बायकोने मोठी पुडी आणणं बंद केलं. मोठी पुडी थोडी स्वस्त पडे, पण तिच्यात कुपन एकच. लहान पुड्या घेतल्या तर प्रत्येकीत एक. जोडी जमणार असेल तर लहान पुड्याच परवडतात, हे तिने बोटांवर मोजून मला समजावलं. बोईसरचा दुकानदार साबणाची लांब वडी कापून तुकडे विकायचा आणि कागद स्वतःकडे ठेवायचा. मावशीने अख्खी वडी कागदासकट घ्यायला सुरुवात केली आणि चाळीतल्या इतरांना तुकडे आपणच कापून देऊ लागली. सालवडला राहणाऱ्या कामगारांच्या बायकांकडे फालतू कुपनं पडून असत. दोघी रविवारी चालत तिकडे जाऊन ती मागून आणत. दमट हवेने कुपनावरचा शिक्का फुटला तर एजंट ते नाकारायचा, म्हणून मावशी सगळी कुपनं तांदळाच्या डब्यात ठेवायची. ही युक्ती बायकोने मला अशा कौतुकाने सांगितली की मला जेवण गोड लागलं नाही.

आता संध्याकाळी मी येई तेव्हा ती पडवीत बसलेली असे, पण मांडीवर कुपनं पसरलेली. "थांबा हं, एवढं होऊ दे," असं म्हणे. मी थांबायचो. स्वतःच्या घरात कोणी थांब म्हटलं तर राग येतो, हे मला तेव्हा समजलं.

एकदा तिने मला सांगितलं, "अहो, तुमच्या कँटीनमध्ये रोज केवढा चहा होतो. पुड्यांमधली कुपनं तो माणूस टाकूनच देत असेल. विचाराल का?"

"मी कारकून आहे तिथे," मी म्हणालो. "कचरा मागत फिरू?"

ती कुपनं मोजायला लागली. आठवड्याभरात मावशीच्या नवऱ्याने कँटीनवाल्याकडून पिशवीभर कुपनं आणली. हाताचं सिमेंट धुवायच्या आधी त्याने ती पडवीत ओतली. बायको म्हणाली, "काका, तुम्ही कमाल केलीत." मी आत जाऊन दिवा लावला. कोणी सांगितलं नव्हतं.

मला नक्की कोणाचा मत्सर वाटत होता, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. दुसऱ्या पुरुषाचा असता तर निदान जगाला समजेल असा झाला असता. मला हेवा वाटत होता कपडे धुणाऱ्या एका बाईचा. तिच्यापुढे माझी बायको जी होत होती, ती माझ्यापुढे कधी झाली नव्हती.

ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. दोघी पालघरला एजंटाच्या दुकानी निघाल्या होत्या आणि मलाही तिकडे काम होतं, म्हणून सोबत गेलो. बोईसरहून शटल गाडी पकडली. उमरोळीची भातशेतं मागे पडली तोवर दोघींची कुजबुज चालूच होती. दुकानात गेल्यावर मावशी पुढे झाली आणि माझी बायको पदर सावरून मागे उभी राहिली, जणू कोणीतरी नवखी, बुजलेली मुलगी. एजंट गुजराती शेठ होता, मऊ बोलणारा. त्याने आधीच विचारलं, "कुपन आहे का, बाई?"

"कसला कुपन?" मावशी म्हणाली. "आमी गरीब मानसं. रव्याचा भाव सांग आधी."

भावावरून बरीच घासाघीस झाली. शेठने शेवटचा भाव सांगितला, रवा तोलला, पुडा बांधला. मग माझी बायको हळूच पुढे आली आणि पदराच्या गाठीतून जोडीची कुपनं काढून तिने काउंटरवर ठेवली, चेहरा तसाच भाबडा ठेवून. "मावशी, ही चालतात का हो इथे?" तिने विचारलं.

शेठ हसला. "बाई, तुम्ही दोघी दुकान टाका. मी नोकरीला येतो."

आधी कुपन दाखवलं की शेठ भाव चढवून सांगतो, म्हणून आधी भाव आणि मग कुपन, अशी ती रीत होती. त्यात काही पाप नव्हतं. बाहेर आल्यावर दोघी हसत सुटल्या. मला मात्र आपल्या बायकोला इतकं नाटक करता येतं हे बघून धक्का बसला होता. माझ्याशी बोलताना तिने कधी नक्कलसुद्धा केली नव्हती. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "शोभतं का असं?" तिचा चेहरा उतरला. मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जावयाला कुपन नाय मिलाला, म्हनून राग आलाय."

बायकोला पुन्हा हसू फुटलं. मला ते आजही बोचतं.

पुढे मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं, मुहूर्त तुळशीचं लग्न झाल्यावरचा. मावशीची एक इच्छा होती. तिच्या स्वतःच्या लग्नात पाहुण्यांना डाळ-भात वाढला होता आणि सासरी तिने ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मुलीच्या लग्नात सगळ्या पंगतीला शिरा व्हायला हवा होता. त्यासाठी रवा, गूळ आणि वनस्पती तुपाचा मोठा डबा लागणार होता, आणि ते सगळं जोडीच्या कुपनांवर बसत होतं. एवढी कुपनं साठवायला मे महिन्यापासूनचा खटाटोप झाला होता. अर्धी आमची होती. बायकोने मला न विचारता सांगून टाकलं, "पहिली पाळी मावशीची. आपलं नंतर बघू."

दिवाळीच्या आधी एखाद्या दिवशी दोघी पालघरला जाऊन माल घेणार होत्या. त्या दिवसाचे बेत ठरत होते. बाजार करायचा, मुलीसाठी बांगड्या बघायच्या, स्टेशनसमोरच्या हॉटेलात भजी खायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. बायको ते मला सांगायची तेव्हा तिच्या आवाजात माहेरी निघालेल्या बाईचा आनंद असायचा. त्या बेतात मी नव्हतो.

गणपती झाल्यानंतर गोदामाच्या कामासाठी मला पालघरला जावं लागलं. मी मुद्दाम शेठच्या दुकानात गेलो. कुपनांवर मुदत छापलेली नव्हती, ती एजंट ठरवायचा. मी विचारलं, "ही कुपनं कधीपर्यंत चालतील?"

"नव्या वर्षाच्या पाडव्यापर्यंत, भाऊ," शेठ म्हणाला. "मग माझा हिशेब बंद."

मी समाधानाने परतलो. आमच्याकडे नव्या वर्षाचा पाडवा म्हणजे गुढीपाडवा. चैत्र. अजून सहा महिने होते. दिवाळीच्या गर्दीत दोघींनी धावपळ करायचं काही कारणच उरलं नव्हतं. लग्नाच्या आठवड्यात कोणीही जाऊन माल आणू शकत होतं, मीसुद्धा.

संध्याकाळी मी पडवीत ते जाहीर केलं. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हात थांबवले.

"कुठला पाडवा, जावई?"

"नव्या वर्षाचा. नवं वर्ष असं कितीदा येतं, मावशी?"

"शेटलोकांचा पाडवा दिवालीला असतो. त्यांचा नवा वर्स तवाच लागतो. लहानपनापासून बगतंय मी. नवीन वह्या काडतात, पूजा करतात."

दिवाळीलाही पाडवा असतो आणि व्यापारी वह्यांची पूजा करतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या गावचा वाणीही करायचा. पण ती वहीपूजा. त्या पाडव्याला नवं वर्ष म्हणताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. निदान त्या संध्याकाळी मी स्वतःला तसं सांगितलं. शिवाय ती सांगत होती आणि मी ऐकत होतो, हेच मला सोसवत नव्हतं.

"मी स्वतः शेठला विचारून आलोय," मी म्हणालो. "दिवाळीला कधी नवं वर्ष असतं का? आम्ही गुढी काय उगाच उभारतो?"

"एकदा परत विचारा," मावशी शांतपणे म्हणाली. "विचारायला पैसा पडत नाय."

मी बायकोकडे बघितलं. मावशीनेही बघितलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे बघावं, असं आधी कधी झालं नव्हतं. ती हातातल्या कुपनांची कडा अंगठ्याने सरळ करत राहिली.

"हे स्वतः जाऊन आलेत, मावशी," ती शेवटी म्हणाली. "शेठ यांना कशाला खोटं सांगेल? आपण दिवाळी झाल्यावर जाऊ."

मावशीने कपड्यांची चळत उचलली. "बरा. तू म्हनतेस तर बरा."

त्या रात्री मला फार छान झोप लागली. कित्येक महिन्यांनी बायकोने माझा शब्द धरला होता. तो शब्द बरोबर आहे की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. ती माझ्या बाजूला आली, एवढंच मी पाहिलं. ती का आली याचा विचार मी नंतर केला. नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही म्हणून ती आली होती. माझ्या बोलण्याची खात्री वाटली म्हणून नव्हे.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. मग दोघी कुपनांची पुरचुंडी घेऊन सकाळच्या गाडीने गेल्या. दुपारीच परत आल्या, रिकाम्या पिशव्या घडी घालून बगलेत धरलेल्या. मावशी सरळ आपल्या खोलीत गेली. मला त्या दिवशी सुट्टी होती. बायको चुलीपुढे बसली आणि तिने पाण्याचं भांडं चढवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"शेठ म्हणाले, पाडवा झाला."

"कुठला?"

"नव्या वर्षाचा."

एवढंच. तिने चहा गाळून माझ्यापुढे ठेवला. शेठने वाईट वाटून थोडा गूळ तसाच देऊ केला होता. मावशीने घेतला नव्हता. कुपनं मात्र तिने परत आणली होती. का, कोण जाणे. मी म्हणालो, "त्याने नीट सांगायला हवं होतं." बायको म्हणाली, "मावशीने नीट सांगितलं होतं."

ती रडली असती किंवा भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने तसं काही केलं नाही. पुढचे काही दिवस मी कामावरून आलो की ती दारात उभी असायची, पूर्वीसारखी. हातात काही नसायचं, मांडीवर काही नसायचं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती मला जेवायला वाढायची, विचारलं तेवढं बोलायची आणि मध्येच कोपऱ्यावरच्या खोलीच्या दिशेने कान द्यायची. मावशी आता पडवीत बसत नव्हती. तिच्या मुलीला मी नळावर बघायचो तेव्हा मान खाली घालायचो. शिऱ्याचा बेत रद्द झाला आहे, भात आणि वालाची उसळ होणार आहे, हे मला मावशीच्या नवऱ्याने ट्रकमध्ये सांगितलं. त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसं त्याने सांगितलं.

लग्न कुंभवलीला, मावशीच्या माहेरघरी होतं. आदल्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली, पालघरला गेलो आणि त्याच शेठकडून वनस्पती तुपाचा मोठा डबा, गूळ आणि पोतंभर रवा घेतला. तो म्हणाला तो भाव दिला. घासाघीस करायची मला लाज वाटली. शिक्षाच घ्यायची तर पुरी घ्यावी, असं काहीसं मनात होतं. बोईसरहून एका बैलगाडीवाल्याला गाठून संध्याकाळी मांडवात पोचलो.

माझी बायको सकाळपासून तिथेच होती. न बोलावता गेली होती की मावशीनेच बोलावलं होतं, हे मला विचारायचं धाडस झालं नाही. दोघी मागच्या अंगणात चुलाण्यासाठी दगड मांडत होत्या. त्यांचा समेट कधी झाला ते मला कळलंच नव्हतं. बहुतेक मी कामावर असतानाच झाला असावा. गाडीवाल्याने डबा उतरवला. मी म्हणालो, "मावशी, शिरा होऊ दे."

मावशीने डबा बघितला, मला बघितलं. "ठेवा तिथं, जावई," ती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, झालं, संपलं, माफी मिळाली.

बायको पुढे आली. "कुठून घेतलात?"

"पालघरहून. त्याच शेठकडून."

"भाव ठरवून घेतलात की सांगितला तो दिलात?"

"सांगितला तो."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मावशी खाली बसली आणि डबा हाताने फिरवून त्याच्यावरचा कागद न्याहाळू लागली. बायकोही बसली. तिने नखाने कागदाची कडा उचलली. खाली पिवळसर काहीतरी चिकटवलेलं दिसत होतं.

"मावशी, हे बघा. नव्या वर्षाची कुपनं निघाली वाटतं. आता डब्यावरपण घालतात."

"हलू काड. फाटल." मावशीने स्वतःचा ओला हात लावून कागद भिजवला. "यालाबी जोडी लागंल. कशाची लागंल गं?"

"वाचते थांबा. अक्षर बारीक आहे."

"वाच. आन त्या शेटला काय विचारायचा त्ये या वेलेस आपन दोगी जाऊन विचारू."

बायकोला हसू आलं, तेच, पोटातून आलेलं. आजूबाजूला पाहुणे येत होते, पोरं मांडवात धावत होती, मावशीची मुलगी हळद लावलेल्या अंगाने दारात येऊन आईला हाक मारत होती. दोघींची डोकी डब्यावर टेकलेली होती आणि मी रव्याचं पोतं कुठे ठेवू ते विचारत उभा होतो. कोणी ऐकलं नाही. आणि मला आठवतं, अगदी स्पष्ट आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात आलं की हा डबा आणला नसता तर बरं झालं असतं.